सिझेरियन झाले, तरी ओटीपोटाच्या तळाची फिजिओथेरपी कशासाठी?

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरे

बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीवरील उत्तर गेल्या अंकात छापल्यानंतर या सदराकडे जी पत्रे आली, त्यांत सिझेरियन झालेल्या स्त्रियांची पत्रे सर्वाधिक होती. त्यात नवल नाही. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या; महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के, तर गोव्यात ३९.५ टक्के होते. टाक्यांची काळजी कशी घ्यावी, हे रुग्णालयातून घरी सोडताना सांगितले जाते. पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुन्हा कामाला कसे लावावेत, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. म्हणून या वेळी केवळ याच विषयावरील पत्रे निवडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे सिझेरियन होऊन पाच महिने झाले. शिंकले, खोकले किंवा मोठ्याने हसले की थोडी लघवी होते. सासूबाई म्हणतात, "हे नॉर्मल बाळंतपणात होतं, तुझं तर पोटावरून झालं." मग मला हा त्रास का? मोबाइलवर पाहून केगेलचे व्यायाम करते, पण फरक पडलेला नाही. (पुणे)

उत्तर : पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचा आधार असतो, आणि लघवी व शौच धरून ठेवण्याचे कामही बऱ्याच अंशी तीच करते. गर्भारपणात वाढते गर्भाशय, बाळ, वार आणि गर्भजल या सगळ्यांचे ओझे महिनोन्महिने या झोळीवर असते, शिवाय त्या काळातील संप्रेरकांमुळे तिथल्या ऊती सैलावलेल्या असतात. बाळ कोणत्या वाटेने बाहेर आले, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. योनिमार्गातून बाळ येताना स्नायूंना आणि नसांना होणारी जादा इजा सिझेरियनमध्ये टळते, त्यामुळे लघवी गळण्याचा किंवा अंग बाहेर येण्याचा धोका कमी होतो, इतपत तुमच्या सासूबाईंचे म्हणणे खरे आहे. परंतु तो धोका संपत नाही. त्यातही कळा येऊन, पिशवीचे तोंड पूर्ण उघडून, जोर करून झाल्यावर ऐनवेळी सिझेरियन करावे लागले असेल, तर या स्नायूंनी दोन्हींकडचे श्रम सोसलेले असतात.

आता केगेलविषयी. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचे हे व्यायाम वैद्यकीय नियतकालिकात मांडले, तेव्हा त्यांच्या पद्धतीत आधी तपासणी होती आणि योनीतील दाब मोजणारे उपकरणही होते, ज्यावर स्त्रीला स्वतःचे आकुंचन कितपत होते आहे ते दिसत असे. मोबाइलच्या पडद्यावर येईपर्यंत ती तपासणी गळून पडली आणि "आवळा, सोडा" एवढेच उरले. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ स्त्रिया तळाचे स्नायू आवळत आहोत असे समजून नितंब आवळतात, मांड्या जुळवतात, श्वास कोंडतात, किंवा शौचाला कुंथावे तसा खाली जोर करतात. शेवटचा प्रकार तर उलट्या दिशेचा आहे. असा व्यायाम वर्षभर केला तरी लघवी थांबणार नाही, कदाचित वाढेल.

हे घरी पडताळता येते. उशीला टेकून, गुडघे वाकवून बसावे आणि हातआरसा समोर धरावा. वारा सरू नये म्हणून जसे आवळून धरतो, तसे मागून आवळायला सुरुवात करून ती ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणावी. योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत, वर ओढली जाताना दिसली तर आकुंचन बरोबर आहे. ती बाहेर फुगताना दिसली तर तुम्ही ढकलत आहात. चेहरा, पोटाचा वरचा भाग आणि मांड्या सैल राहिल्या पाहिजेत, आणि हे करताना बोलता आले पाहिजे. लघवी करता करता मध्येच धार थांबवून या व्यायामाचा सराव करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो पाळू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होण्याची सवय बिघडू शकते.

आकुंचन बरोबर जमल्यानंतर प्रमाणाचा प्रश्न येतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने आणि हा क्रम किमान तीन महिने, असे सांगितले आहे. काही आकुंचने सावकाश धरून ठेवायची असावीत, काही झटकन आवळून झटकन सोडायची; आणि प्रत्येक आकुंचनानंतर स्नायू पूर्ण सैल सोडावा, कारण सैल सोडणे हा व्यायामाचा निम्मा भाग आहे. याच्या जोडीने शिंक येणार असे वाटताच, शिंकेच्या आधी क्षणभर आवळून धरण्याची सवय लावावी. या एका युक्तीने अनेकींचे गळणे बरेच कमी होते. खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर या व्यायामांचा उपयोग किती, याबाबत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत व्यायाम केलेल्या गटातील ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले, तर न केलेल्या गटात असे सांगणाऱ्या ६ टक्केच होत्या. तेव्हा उपाय आहे. तो शिकून करायला हवा, एवढेच.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी. शिंक-खोकला नसतानाही, दिवसरात्र, झोपेतसुद्धा लघवी सतत झिरपत असेल, तर तो स्नायूंचा अशक्तपणा नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्रवाहिनीला (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीला) किंवा मूत्राशयाला इजा झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी व्यायामात वेळ घालवू नये, तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : तीन महिन्यांनंतरही पोट सुटलेलेच आहे. टाक्यांच्या वर मांसाची घडी लोंबते आणि तिथे हात लावला तर बधिर वाटते. पोटाचा पट्टा सकाळी बांधते तो रात्रीच सोडते. सिट-अप्स सुरू करू का? (नागपूर)

उत्तर : सिट-अप्स अजून नकोत. कारण समजण्यासाठी शस्त्रक्रियेत काय होते ते पाहू. बहुतेक सिझेरियन जघनकेसांच्या रेषेलगत आडवा छेद घेऊन केली जातात. जर्मन डॉक्टर फॅनेनस्टील यांनी १९०० मध्ये वर्णन केलेला हा छेद आहे. त्वचा आणि चरबीच्या खाली पोटाच्या स्नायूंवरचे तंतुमय आवरण आडवे कापले जाते. त्याखालचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, दोन बाजूंना सारतात, आणि मग आतले अस्तर व शेवटी गर्भाशय उघडले जाते. त्वचेवरचे टाके पंधरवड्यात कोरडे दिसतात, म्हणून जखम भरली असे आपण धरून चालतो. तंतुमय आवरणाची गती फार संथ असते: सहा आठवड्यांनी त्याची ताकद साधारण मूळच्या निम्मी असते आणि ती बरीचशी परत यायला सहा-सात महिने लागतात. त्यापूर्वी सिट-अप्सचा झटका देण्यात शहाणपण नाही.

शिवाय गर्भारपणात पोटाचे उभे स्नायू मध्यरेषेपासून दूर सरकतात. हे तपासायचे असेल तर उताणे पडून गुडघे वाकवावेत, बेंबीच्या थोडे वर बोटे आडवी ठेवावीत आणि डोके किंचित उचलावे. दोन्ही बाजूंचे कडक काठ जाणवतील. मधल्या फटीत दोनांहून अधिक बोटे मावत असतील, किंवा डोके उचलताच मध्यभागी उंचवटा उठत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. पहिल्या दोन महिन्यांत हे अंतर पुष्कळसे आपोआप घटते, पुढे मात्र मेहनत लागते. सुरुवात अगदी साध्या गोष्टीने होते: कुशीवर किंवा उताणे पडून श्वास घ्यावा, सोडताना तळाचे स्नायू अलगद वर ओढावेत आणि ओटीपोट कण्याच्या दिशेने आत जाऊ द्यावे. हे सहज जमू लागल्यावर टाच सरकवणे, एकेक पाय उचलणे, कंबर उचलून सेतू करणे अशा पायऱ्या चढता येतात. कोणत्याही पायरीवर मध्यरेषेत उंचवटा दिसला की ती पायरी अजून आपली नाही असे समजावे. धावण्याची घाई असलेल्यांनी किमान तीन महिने थांबावे, आणि तेव्हाही लघवी गळत असेल किंवा खाली जडपणा वाटत असेल तर थांबावेच.

पट्ट्याने शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उठता-बसताना आधार वाटतो, वेदना सुसह्य होतात, म्हणून त्या काळात तो वापरायला हरकत नाही. पोट पट्ट्याने आत जात नाही. फार आवळून बांधला तर पोटातील दाब जातो कुठे? खाली, ज्या झोळीला आपण विश्रांती देऊ पाहतो तिच्यावरच. तुम्ही तो आता हळूहळू सोडावा.

बधिरपणाची काळजी नको. छेद घेताना त्वचेतील बारीक नसा कापल्या जातात. संवेदना काही महिन्यांत, कधी वर्षभराने परतते, आणि एखादा लहानसा पट्टा कायम बधिर राहिला तरी त्याने काही अडत नाही. घडी मात्र थोडी कमी करता येते. जखम पूर्ण बंद झालेली असेल, खपली नसेल, पाणी येत नसेल, तर रोज पाच मिनिटे व्रणाचे मालिश करावे. पहिले काही दिवस व्रणाच्या वर-खाली दोन बोटांच्या अंतरावर, मग प्रत्यक्ष व्रणावर. बोट त्वचेवर घसरू न देता त्वचेसकट खालचा थर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवून पाहावा. जिथे तो अडतो तिथे बोट टेकवून सावकाश श्वास घेत थांबावे. अशी अडलेली जागा बहुधा व्रणाच्या एखाद्या टोकाशी सापडते. सुरुवातीला हात लावायलाच किळस किंवा भीती वाटते, असे अनेकजणी सांगतात. त्यांनी आधी मऊ सुती कापड त्यावरून फिरवण्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे माझी कंबर कायमची गेली, असे सगळे म्हणतात. खरे आहे का? (नाशिक)

उत्तर : नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते. महिनोन्महिने टिकणाऱ्या कंबरदुखीचा दोष मात्र त्या इंजेक्शनवर टाकता येत नाही. ती बहुधा ताणलेल्या पोटामुळे, वाकून बाळाला पाजण्यामुळे आणि अपुऱ्या झोपेमुळे असते. बाळाला छातीपर्यंत उचलून घ्यावे, आपण बाळाकडे वाकू नये. मांडीवर उशी घेतली की हे साधते.

प्रश्न : कृपया नाव-गाव छापू नये. सिझेरियनला आठ महिने झाले. पतीजवळ जाताना इतके दुखते की आता टाळतेच. योनीला तर काही झालेले नाही, मग दुखते का? डॉक्टरांनी पेल्व्हिक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाची) फिजिओथेरपी सुचवली आहे, पण आतून तपासतात म्हणे. त्याचीच धास्ती आहे.

उत्तर : तुम्ही लिहिलेत हे चांगले केलेत, ही तक्रार जितकी आढळते त्या मानाने फार कमी स्त्रिया ती बोलून दाखवतात. हे उत्तर पतीलाही वाचायला द्यावे.

कारणे एकाहून अधिक असू शकतात. बाळाला अंगावर पाजत असाल तर इस्ट्रोजेनची पातळी कमी राहते आणि योनीत कोरडेपणा येतो. पाण्यात विरघळणारे वंगण वापरावे. ते पुरेसे नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ तिथे लावायचे औषध देऊ शकतात. दुसरे, व्रण आत चिकटलेला असेल तर ओटीपोट ताणले जाते आणि काही स्थितींत खोल दुखते. तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. शस्त्रक्रियेची वेदना, पुन्हा दुखेल ही भीती आणि महिनोन्महिने पोट सावरत वावरणे, यांमुळे तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात. लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागणे, शौचाला साफ न होणे, माकडहाडापाशी दुखणे, ही त्याची सोबतची लक्षणे. अशा स्त्रीने केगेल करणे म्हणजे आधीच आवळलेला स्नायू आणखी आवळणे होय, आणि त्याने दुखणे वाढते. म्हणूनच तपासणीवाचून सरसकट केगेल सांगण्याला माझा विरोध आहे. पुण्याच्या वाचकभगिनींना आवळायला शिकायचे आहे, तुम्हाला बहुधा सैल सोडायला शिकायचे असेल. दोघींना एकच व्हिडिओ कसा चालेल?

तपासणीचे म्हणाल, तर पहिल्या भेटीचा बराचसा वेळ बोलण्यातच जातो: बाळंतपण कसे झाले, लघवी किती वेळा, शौचाला काय त्रास. मग उभे राहणे, श्वास, पोट, व्रण आणि नितंब पाहिले जातात. आतील तपासणी तुमच्या संमतीनेच होते. हातमोजा घालून, वंगण लावून, एका बोटाने; सांडशीसारखे कोणतेही उपकरण लागत नाही. स्नायू आवळायला आणि सोडायला सांगून त्याची ताकद शून्य ते पाच अशा मापनात नोंदवली जाते आणि नेमकी दुखरी जागा शोधली जाते. कोणत्याही क्षणी "थांबा" म्हटले की थेरपिस्टने थांबलेच पाहिजे. सोबत बहीण, आई किंवा पतीला बसवता येते. आतून तपासणी नकोच असेल तर बाहेरून हात ठेवून किंवा पोटावरून सोनोग्राफी करून आकुंचन पाहता येते; त्यातून थोडी कमी माहिती मिळते, पण उपचार अडत नाहीत. "आधी पैसे भरा, मग पाहू" किंवा "तपासायची गरज नाही, यंत्र लावतो" असे सांगणाऱ्या ठिकाणाहून मात्र निघून यावे.

उपचारात पोटभर श्वास घेऊन तळाचे स्नायू खाली सैलावताना अनुभवणे, आधार घेऊन बालासन किंवा मालासनात थांबणे, व्रण मोकळा करणे आणि आतील दुखऱ्या जागांवर हलका दाब देऊन त्या सैल करणे यांचा समावेश असतो. दुखणे सोसून संबंध ठेवू नये. सोसल्याने स्नायू पुढच्या वेळी अधिक घट्ट आवळतात.

प्रश्न : मुलीचे सिझेरियन झाले असून ती बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. आमच्याकडे सव्वा महिना तेल लावून मालिश, शेगडीचा शेक, पोट बांधणे असे सगळे करतात. मुलगी म्हणते, "आई, फिजिओथेरपिस्ट नको म्हणते." आमचे सगळेच चुकीचे का? (कोल्हापूर)

उत्तर : मुळीच नाही. सव्वा महिना बाळंतिणीला कामातून सुटका, गरम जेवण आणि जवळ एक अनुभवी माणूस, ही व्यवस्था कोणत्याही फिजिओथेरपिस्टला हवीच असेल. काही बदल मात्र करावेत. पाठ, खांदे, हात-पाय यांचे हलके मालिश चालेल; टाके भरेपर्यंत पोटावर मालिश नको आणि मालिशवाल्या बाईंना ते स्वतः उभे राहून सांगावे. एखादी पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये, रक्ताची गुठळी असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवावे. व्रणाजवळची त्वचा बधिर असल्याने शेक किती गरम आहे ते तिला कळणार नाही आणि भाजेल, म्हणून तिथे शेक देऊ नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर ठेवूच नये, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो.

डिंकाचे, अळिवाचे लाडू जरूर द्यावेत. काही घरांत बाळंतिणीला पाणी बेताने देतात आणि पालेभाज्या वर्ज्य करतात; त्यातून बद्धकोष्ठ होतो आणि कुंथताना टाक्यांवर व तळाच्या स्नायूंवर एकदमच ताण येतो. पाणी भरपूर असावे. पहिले काही आठवडे कमोड वापरावा आणि पायांखाली पाट घ्यावा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि शौचाला जोर लागत नाही. पलंगावरून सरळ उठू नये: कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या रेट्याने उठून बसावे. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. आणि सव्वा महिना झोपवून ठेवू नये. घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा चालणे हा पहिला व्यायाम आहे. ताप, टाक्यांतून पू किंवा पाणी, दुर्गंधी येणारा स्राव, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, दम लागणे किंवा लघवी न होणे यांपैकी काहीही दिसले तर मालिश-व्यायाम सगळे बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आमच्या गावात असे फिजिओथेरपिस्ट नाहीत. सिझेरियनला दोन महिने झाले. घरी विहिरीवरून पाणी आणावे लागते आणि लवकरच खुरपणीला जायचे आहे. काय करावे? (जालना जिल्हा)

उत्तर : फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाच्या उपचारांची दहा सत्रे डॉक्टरांनी लिहून दिली की आरोग्य विम्यातून मिळतात. आपल्याकडे हा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो आणि या विषयातील जाणकार मुख्यतः शहरांतच आहेत. तरीही जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपी विभाग असतो का, ते विचारून एकदा जावे आणि आकुंचन बरोबर होते का एवढे तपासून घ्यावे. पुढचा व्यायाम घरी होतो. खासगी ठिकाणी गेलात तर व्यक्ती पदवीधर आणि राज्य परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. पहिल्या उत्तरातील हातआरशाची तपासणी आजच करता येईल.

पहिल्या सहा आठवड्यांत बाळाहून जड काही उचलू नये, हा सर्वसाधारण नियम. तुमचे ते दिवस उलटले आहेत. तरी भरलेला हंडा एकदम नको. कळशी अर्धी भरून, खेपा वाढवून सुरुवात करावी, आणि दर एक-दोन आठवड्यांनी पाणी थोडे वाढवावे. उचलताना कळशी अंगाजवळ घ्यावी, गुडघ्यांतून वाकावे, आधी तळाचे स्नायू वर ओढावेत आणि श्वास सोडत उठावे. श्वास कोंडून उचलू नये. हंडा डोक्यावर चढवताना कोणाचा तरी हात घ्यावा, कारण खरा ताण चढवताना येतो. खुरपणीला तासन्‌तास उकिडवे बसण्याऐवजी मधूनमधून एक गुडघा टेकावा, जागा बदलावी, उभे राहावे. संध्याकाळी खाली जडपणा वाटला, योनीतून काही उतरते आहे असे वाटले किंवा टाके ओढले, तर दुसऱ्या दिवशी ओझे कमी करावे. रात्रभर आडवे पडूनही तो जडपणा सकाळी तसाच राहिला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावे.